डॉक्टर दर गुरुवारी असतात

फोन वाजला तेव्हा माझे दोन्ही हात म्हशीत गुंतलेले होते. व्यायल्यावर तिचं अंग बाहेर आलं होतं. म्हणजे गर्भाशय उलटं होऊन बाहेर लोंबायला लागतं. ते स्वच्छ धुवायचं, सूज उतरावी म्हणून त्यावर साखर चोळायची आणि हळूहळू आत ढकलायचं. मध्येच हात काढला की सगळं परत बाहेर. म्हशीच्या मालकानं माझ्या खिशातला फोन काढला आणि माझ्या कानाला लावून धरला.

"डॉक्टर, एलसीक्यू आलाय. असाल तिथून निघा," सुरवसेसाहेब म्हणाले. ते आमच्या खात्याचे जिल्ह्याचे प्रमुख.

"साहेब, अंग बसवतेय."

"कुणाचं?"

"म्हशीचं."

"बसलं की निघा. पण निघा."

मी पशुवैद्यक आहे. सरकारी नोकरीत नवीनच म्हणावी अशी. माझा मूळ दवाखाना लोहारा तालुक्यात, माकणीच्या धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यावर. त्याशिवाय माझ्याकडं कारळवाडीच्या दवाखान्याचा अतिरिक्त कार्यभार होता. तिथली डॉक्टरची जागा रिकामी, म्हणून शेजारच्या डॉक्टरनं आपलं काम सांभाळून तिथंही बघायचं, याला अतिरिक्त कार्यभार म्हणतात. कारळवाडी नळदुर्गच्या पुढं, हायवे सोडून आत, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेली. माझा तिथला वार गुरुवार.

आणि एलसीक्यू म्हणजे विधान परिषदेत विचारलेला प्रश्न. राज्याच्या विधिमंडळाची दोन सभागृहं. खालच्या सभागृहातले आमदार आपण सगळे मत देऊन पाठवतो. वरच्या सभागृहातले काही शिक्षक निवडतात, काही पदवीधर, काही नगरसेवक आणि जिल्हा परिषदेचे सदस्य, काही आमदार. तिथं एखाद्या सदस्यानं प्रश्न विचारला की तो मंत्रालयात येतो, तिथून खात्याच्या मुख्य कार्यालयात, तिथून जिल्ह्यात, आणि शेवटी ज्याच्याबद्दल प्रश्न आहे त्याच्या खिशातल्या फोनवर. सरकारी कार्यालयात हे तीन अक्षरी नाव निघालं की चहा अर्धा सोडून माणसं उठतात. हे मी ऐकून होते. बघितलं नव्हतं.

म्हैस उभी राहिली, तशी मी धाराशिवला निघाले.

कार्यालयात सुरवसेसाहेबांनी प्रश्न माझ्यापुढं सरकवला. मी उभ्यानंच वाचला.

"(१) कारळवाडी येथील पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर नाही, हे खरे आहे काय, (२) असल्यास, त्यामुळे परिसरातील पशुपालकांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय, (३) असल्यास, डॉक्टर नेमण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

शेजारी देशमाने बसले होते. कार्यालयातले सगळ्यांत जुने सहायक, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी उत्तर आधीच टाइप करून ठेवलं होतं.

"(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही."

"काका, हे कसं?" मी विचारलं.

"कारळवाडीचे डॉक्टर कोण?"

"अतिरिक्त कार्यभार माझ्याकडं आहे."

"म्हणजे डॉक्टर आहे. डॉक्टर नाही हे खरं नाही. पहिलंच खरं नाही म्हटल्यावर पुढचे दोन आपोआप पडतात. ‘असल्यास’ असं लिहिलंय ना? नसल्यामुळं प्रश्न उद्भवत नाही."

त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. सुताराला रंधा दाखवायला सांगितलं तर तो जसा दाखवेल, तसं ते दाखवत होते. अशा प्रश्नाला तीनच उत्तरं असतात, हेही त्यांनीच सांगितलं. खरे आहे, खरे नाही, आणि अंशतः खरे आहे. तिसरं शक्यतो द्यायचं नाही, कारण उरलेला अंश कुठला, असं कुणीतरी विचारतं.

माझं डोकं तापलं. आमच्या वडिलांचा उमरग्यात छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका कमी आणि पत्रकं जास्त. दारूबंदीची, पाण्याची, संपाची, मोर्चाची. मी अक्षरं शिकले ती पाठ्यपुस्तकाच्या आधी त्या गुलाबी आणि पिवळ्या कागदांवर. घरात जेवताना सुद्धा जाब विचारला जायचा. अशा घरातल्या माणसाला ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे वाक्य सहन होणं अवघड. प्रश्न कारळवाडीत उद्भवतो, तिथल्या गोठ्यात रोज उद्भवतो. तो उद्भवला की नाही हे ठरवायला धाराशिवात टायपिंग करणारा माणूस कशाला?

हे सगळं मी साहेबांना बोलून दाखवलं. थोडं जोरातच.

"बसा," साहेब म्हणाले. "उत्तर आपण देत नाही. उत्तर वर तयार होतं. आपण वस्तुस्थिती पाठवतो. तुम्हाला वस्तुस्थिती माहीत आहे ना? लिहा."

मी तीन पानं लिहिली. कारळवाडीला हायवेवरून आत जायला धड गाडी नाही. शेजारच्या वस्त्या धरून शेळ्याच शेळ्या, त्याही आमच्या जिल्ह्याच्या जुन्या नावाच्या, काळ्या, लांब कानांच्या, जुळी देणाऱ्या. या जातीचं कौतुक देशभर होतं आणि तिच्या माहेरी तिला डॉक्टर आठवड्यातून एकदा. सरकार जागं होणार कधी, असंही लिहिलं. शेवटी उद्गारचिन्ह.

साहेबांनी वाचलं. "हा अहवाल आहे का पत्रक?"

"खोटं काय आहे यात?"

"खोटं काहीच नाही. वाचणारं कुणी नाही."

देशमानेकाकांनी तेव्हा मला एक गोष्ट दाखवली. उत्तराबरोबर आणखी एक कागद जातो. त्याला पूरक टिपणी म्हणतात. छापील उत्तर सगळ्यांना मिळतं, ही टिपणी फक्त मंत्र्यांच्या हातात असते. प्रश्न तारांकित असला, म्हणजे आमच्या प्रश्नासारखी त्याच्यापुढं चांदणी असली, की मंत्र्यांना सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि सदस्यांना त्यावर उपप्रश्न विचारता येतात. उपप्रश्न आधी कुणाला माहीत नसतात. तेव्हा मंत्री हातातल्या टिपणीत बघतात.

"तिथं तीन पानं चालत नाहीत," काका म्हणाले. "मंत्री उभे असतात, समोर गोंधळ असतो. एक ओळ सापडली तर सापडली. तुमची एक ओळ कुठली?"

मी पुष्कळ विचार केला. तीन पानांतलं प्रत्येक वाक्य मला महत्त्वाचं वाटत होतं. शेवटी लिहिलं, ‘अतिरिक्त कार्यभार असलेले डॉक्टर सदर दवाखान्यात दर गुरुवारी उपस्थित असतात.’ एवढंच. वाचणाऱ्याला स्वतःला कळेल, की इतर वारी नसतात.

"हे ठीक," काका म्हणाले. साहेबांनी सही केली. वरून उत्तर जसंच्या तसं कायम झालं. पहिलं खरं नाही, पुढचे दोन उद्भवत नाहीत.

प्रश्न कुणाच्या डोक्यातून निघाला, हे मला त्याच आठवड्यात कारळवाडीला कळलं. तुळसाबाई देवकते आपल्या शेळ्या घेऊन दवाखान्याच्या ओट्यावर बसल्या होत्या. साठीच्या पुढची बाई. घरात शेती थोडी, कळप मोठा, आणि कळपावर सगळं घर. त्या मला ‘बेस्तरवारची बाई’ म्हणतात. बेस्तरवार म्हणजे गुरुवार.

दवाखान्याला लागून शाळा आहे. हा प्रश्न विचारणारे, शिक्षकांनी निवडून दिलेले आमदार शाळेच्या कार्यक्रमाला आले होते. तुळसाबाईंनी त्यांना फाटकातच गाठलं.

"म्या म्हणलं, सायब, तुमी मास्तरांचे सायब. तुमचा मास्तर रोज येतोय. मग डाक्टर आठवड्यातनं एकदाच का? तर ते म्हणले, माझ्याकडं शाळा हायत, जनावरं न्हायत. म्या म्हणलं, जनावरं आजारी पडली की पोरं शाळेत न्हाय येत, शेळीमागं जात्यात. मग लिहून घेतलं बघा त्यांनी."

"आता सभागृहात विचारणार आहेत," मी म्हटलं.

"विचारू द्या की. तवर म्या शेळ्यांला सांगून ठिवलंय. आजारी पडायचं तर बेस्तरवारी पडा. ऐकत न्हायत वो, लई हट्टी हायत."

त्यांच्या कळपातली सगळ्यांत चांगली शेळी गाभण होती. मागच्या खेपेला तिची पिल्लं मला यायला उशीर झाला म्हणून गेली होती. तो शुक्रवार होता. मी पोट चाचपून पाहिलं. जुळी होती, दिवस भरत आले होते.

"ही खेप गेली तर म्या हिला इकीन," तुळसाबाई म्हणाल्या. "दरसाल मेलेली पिल्लं बघायचं माझ्यानं होत न्हाय."

मी म्हटलं, पुढच्या गुरुवारी येतेच आहे.

आणि प्रश्नाची तारीख कळली. गुरुवार.

मी साहेबांकडं गेले. "साहेब, उद्या माझा कारळवाडीचा वार आहे."

"उद्या प्रश्न आहे. संबंधित अधिकाऱ्यानं मुख्यालय सोडायचं नाही. वरून काहीही विचारतात, ऐनवेळी फोन येतो. तुम्ही सकाळपासून इथं."

"पण टिपणीत आपणच लिहिलंय की डॉक्टर दर गुरुवारी तिथं असतात."

साहेबांनी काकांकडं पाहिलं. काकांनी चष्मा पुसला. "एका गुरुवारानं काय होतंय?" ते म्हणाले. "आणि प्रश्न यादीत बराच खाली आहे. तासात तिथपर्यंत पोचतच नाहीत कधी."

एरवी हे खरं असतं, असं मला दुसऱ्या दिवशी कळलं. प्रश्नोत्तराचा तास म्हणजे शब्दशः एक तास. यादीतले प्रश्न क्रमानं पुकारतात. जितके झाले तितके झाले, बाकीच्यांची छापील उत्तरं तशीच कामकाजात जातात. आमचं ‘प्रश्न उद्भवत नाही’ अशा शेकडो उत्तरांत निमूट जाऊन बसलं असतं.

गुरुवारी काकांच्या संगणकावर सभागृहाचं थेट प्रक्षेपण लावलं. मी आयुष्यात पहिल्यांदा ते नीट बघत होते. मला वाटलं होतं, नुसता आरडाओरडा असेल. तसं नव्हतं. कामकाज सुरू झालं. सभापती प्रश्नाचा क्रमांक पुकारायचे, सदस्य जागेवरून उठून नुसता क्रमांक म्हणायचे, मंत्री म्हणायचे, ‘उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवलं आहे.’ म्हणजे छापून वाटलं आहे, ते समजून घ्या. मग खरी गंमत. पहिला प्रश्न एका एसटी आगारातल्या गाड्यांचा होता, आणि त्यावर प्रत्येकाला आपल्या गावची गाडी आठवली. मंत्र्यांच्या मागं एक कठडा दिसत होता. तिथं अधिकारी बसतात. त्यांना सभागृहात बोलता येत नाही. ते चिठ्ठी लिहितात, शिपाई ती मंत्र्यांपर्यंत नेतो. चिठ्ठी हातात येईपर्यंत मंत्री मोठमोठी वाक्यं बोलत राहतात. हे एकदा कळलं की बघायला मजा येते. वाक्य लांबलं की समजायचं, चिठ्ठी वाटेत आहे.

मी काकांना विचारत होते आणि काका सांगत होते. कुणी हात वर करून ‘पॉइंट ऑफ ऑर्डर’ म्हणालं. कामकाज नियमानुसार चाललेलं नाही, अशी ती हरकत. कुणी म्हणालं, हा प्रश्न राखून ठेवा. म्हणजे उत्तर पुरं नाही, पुन्हा कधीतरी घ्या. दुसरा प्रश्न लवकर संपला. तिसऱ्याचे सदस्य गैरहजर. चौथा दोन मिनिटांत निकालात. काकांचा चेहरा बदलायला लागला.

"पोचतोय की काय," ते पुटपुटले.

त्याच वेळी माझा फोन वाजला. कारळवाडीच्या दवाखान्यातले परिचर रफिकभाई. परिचर म्हणजे डॉक्टरच्या हाताखालचा माणूस.

"म्याडम, तुळसाबाई आल्या. शेळी अडली. पाय दिसतात, मुंडी नाही. आपण निघाले का?"

मी निघाले नव्हते. निघाले असते तरी पोचले नसते. पिल्लाचे पुढचे पाय बाहेर आणि डोकं नाही, म्हणजे मान आत मागं वळलेली. कळा सुरू असताना तसं ओढलं तर पिल्लू मरतं आणि शेळी फाटते. नळदुर्गचे डॉक्टर? ते शिबिराला गेले होते. मी रफिकभाईंना म्हटलं, हात धुऊन तेल लावा आणि आत घाला.

"घातला म्याडम. जात नाही. माझा हात मोठा हाय."

"तुळसाबाईंचा?"

मागून तुळसाबाईंचा आवाज आला, "बघते की. सांगा काय करू."

रफिकभाईंनी फोन स्पीकरवर ठेवला. मी खुर्ची कोपऱ्यात ओढली आणि हळू बोलायला लागले. पाय आधी आत ढकला. कळ आली की थांबा. कळ गेली की ढकला. आता मानेवरून हात पुढं न्या.

इकडं सभापतींनी आमचा क्रमांक पुकारला. शिक्षक आमदार उभे राहिले. उत्तर पटलावर ठेवलं आहे, असं मंत्री म्हणाले.

"सभापती महोदय," आमदार म्हणाले, "उत्तरात म्हटलंय, डॉक्टर नाही हे खरं नाही. म्हणजे डॉक्टर आहेत. माझा साधा उपप्रश्न आहे. कधी असतात?"

मंत्र्यांनी टिपणी उलगडली. मी खुर्चीतून अर्धी उठले. एक ओळ सापडली तर सापडली. ती सापडली.

"सदर दवाखान्यात डॉक्टर दर गुरुवारी उपस्थित असतात," मंत्री म्हणाले.

आणि आमच्या टेबलावरचा फोन वाजला.

संगणकावरचं चित्र प्रत्यक्ष सभागृहापेक्षा थोडं मागं असतं, हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. सुरवसेसाहेबांनी फोन उचलला. मुंबईहून, त्या कठड्यातून खात्याचे अधिकारी बोलत होते. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"कारळवाडीचे डॉक्टर आत्ता कुठं आहेत? लगेच सांगा. आत्ता."

पडद्यावर आमदार अजून काही बोललेलेच नव्हते. ते पाणी पीत होते.

साहेबांनी फोनच्या तोंडावर हात ठेवला. माझ्याकडं बघितलं. मी फोनमध्ये सांगत होते, "तोंड सापडलं का? नाकाडावर तळहात ठेवा, वाटीसारखा. पिल्लाचे दात शेळीला लागू देऊ नका."

"डॉक्टर," साहेब म्हणाले, "कारळवाडीला आहात म्हणून सांगू?"

ते वाईट माणूस नाहीत. मला वाचवत होते, स्वतःला वाचवत होते, आणि मुंबईत उभ्या असलेल्या मंत्र्यांनाही. एका शब्दात तिघांची सोय होत होती. तेवढ्या क्षणात मला घरचा छापखाना वगैरे काही आठवलं नाही. माझ्या कानात फक्त तुळसाबाईंचा श्वास होता, आणि मी तिथं नव्हते.

"नाही साहेब. मी इथं आहे. ह्याच प्रश्नासाठी बोलावलंय म्हणून इथं आहे. आणि तिथं शेळी अडलीय, तेही सांगा."

"अहो, सभागृह चालू आहे."

"साहेब," देशमानेकाका मान वर न करता म्हणाले, "खोटं गेलं तर हक्कभंग होतो." सभागृहाला खोटी माहिती दिली, तर तो सदस्यांच्या हक्काचा भंग मानतात. त्याची चौकशी होते आणि ती खालपर्यंत येते. "आणि दवाखाना शाळेला लागून आहे. मास्तरांनी दाराचा फोटो पाठवला असेल तर?"

साहेबांनी हात काढला. "सर, डॉक्टर जिल्हा मुख्यालयात उपस्थित आहेत," ते म्हणाले. "होय सर. सदर प्रश्नाच्या अनुषंगानं. होय सर, आज गुरुवारच. नाही सर, तिथं दुसरं डॉक्टर कुणी नाही." मग थोडं थांबून, "एक शेळी अडली आहे, सर."

पडद्यावर आमदारांनी पेला खाली ठेवला.

"महोदय, आज गुरुवार आहे," ते म्हणाले. "आज, आत्ता, डॉक्टर तिथं आहेत का?"

मंत्र्यांनी मोठी वाक्यं सुरू केली. शासन पशुपालकांच्या पाठीशी आहे, वगैरे. कठड्यातून शिपाई निघाला. चिठ्ठी पोचली. मंत्र्यांनी वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली. त्यांनी ती दाबून ठेवली असती तरी कुणाला कळलं नसतं. त्यांनी हसून मान हलवली आणि वाचली.

"महोदय, सदर डॉक्टर या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवण्यासाठी जिल्हा मुख्यालयात उपस्थित आहेत."

सभागृह हसलं. दोन्ही बाजू हसल्या. सभापतींनी हसणं थांबू दिलं.

"मंत्री महोदय, मग प्रश्न उद्भवतो, असं दिसतं."

"आलं, आलं, तोंड आलं बाहेर," इकडं फोनमध्ये रफिकभाई ओरडले.

"ओढू नका. कळ येऊ द्या. कळ आली की खालच्या बाजूला, जमिनीकडं ओढा."

आमदार काही बोलले, आणखी दोघं उठले, एकानं आपल्या तालुक्यातला दवाखाना सांगितला. माझं तिकडं लक्ष नव्हतं. मंत्री काय म्हणाले ते काकांनी लिहून घेतलं, ते मी नंतर वाचलं. ‘कारळवाडी येथे पूर्णवेळ डॉक्टर देण्यात येईल.’

"पाहू म्हणाले नाहीत, तपासू म्हणाले नाहीत," काका मला म्हणाले. "येईल म्हणाले. हे आश्वासन झालं." सभागृहात दिलेलं आश्वासन पाळलं की नाही हे बघायला सदस्यांची एक समिती असते. ती विसरत नाही. कागद परत परत पाठवते.

पहिलं पिल्लू मेलेलं निघालं. दुसरं सरळ होतं, आपोआप आलं आणि लगेच ओरडलं. ते फोनवर ऐकू आलं. कार्यालयात दोन-चार माणसं जमली होती, त्यांनाही ऐकू आलं. शेळी उभी राहिली.

"बाई," तुळसाबाई म्हणाल्या, "माझा हात पार सुजला. पर जगली बघा." त्या रडत होत्या की हसत होत्या, फोनवर कळलं नाही. मग आवाज नेहमीसारखा झाला. "आज बेस्तरवार ना? मग तुमी कुठं हायसा?"

मी सांगितलं की तुमच्याच प्रश्नामुळं धाराशिवला बसलेय.

"म्या विचारलं म्हणून तुमी आला न्हाईत व्हय," त्या म्हणाल्या.

खरे आहे, खरे नाही, अंशतः खरे आहे, यातलं कुठलंच उत्तर त्यांना द्यावंसं वाटलं नाही.

उरलेला दिवसभर मी ते कामकाज बघत बसले. साहेबांनी जा म्हटलं तरी. तासानंतर कागदपत्रं ठेवली गेली, लक्षवेधी सूचना झाल्या. तातडीच्या विषयाकडं मंत्र्यांचं लक्ष वेधतात, ती लक्षवेधी. मग एका विधेयकावर चर्चा. कुणी पाऊण सभागृह रिकामं असताना अगदी मन लावून बोललं. कुणी ऐकत नसताना इतकं नीट का बोलायचं, असं मला वाटलं. काका म्हणाले, शब्दन् शब्द लिहिला जातो, म्हणून. पुढं कधी कुणी विचारलं तर तो तिथं असतो. वडिलांच्या छापखान्यात प्रत्येक पत्रकाची एक प्रत खिळ्याला अडकवून ठेवलेली असायची. कुणी वाचो न वाचो. मी घरी फोन करून वडिलांना दिवसभराचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तीन पानांतलं एकच वाक्य गेलं?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "आम्ही कागद बराच वाया घालवला म्हणायचा."

आश्वासन पाळलं गेलं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पाळलं जात नाही असं लिहायची आपल्याला सवय आहे. काही महिन्यांनी आदेश निघाला. कारळवाडीला पूर्णवेळ डॉक्टर नेमण्यात येत आहे. खाली नाव होतं. माझं.

सुरवसेसाहेबांना मी विचारलं, नवीन माणूस का नाही? ते म्हणाले, नवीन माणूस असता तर तुम्हाला अतिरिक्त कार्यभार कशाला दिला असता?

मी आता कारळवाडीत राहते. तुळसाबाई जुळ्यांतल्या वाचलेल्या बोकडाला ‘आमदार’ म्हणतात. लई वरडतंय, म्हणून. त्याला विकणार नाही म्हणतात. मला आता बेस्तरवारची बाई म्हणत नाहीत, नुसतं बाई म्हणतात. शेळ्या कुठल्याही वारी आजारी पडतात.

माकणीच्या रस्त्यावरचा माझा जुना दवाखाना रिकामा झाला. त्याचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडंच आहे. मधल्या काळात तिथली माणसं मला फोन करतात, कधी येणार विचारतात, आणि परवा त्या अंगवाल्या म्हशीच्या मालकासह चार जण थेट कारळवाडीला आले. आम्हालाही सभागृहात प्रश्न टाकायचाय, म्हणाले, कसा लिहायचा तेवढं सांगा.

सरकारी नोकराला असं काही सांगता येत नाही. म्हणून मी फक्त चहा दिला आणि माझा अनुभव सांगितला. डॉक्टर आहे काय, असं विचारू नये. आज आहे काय, असं विचारावं. आणि प्रश्न गुरुवारी लागला तर बरं, कारण तिथला माझा वार तोच आहे.